गिरिजानं डबा परत केला नाही

बदनापूरच्या धर्मराज आप्पांची दैवशाला गेम लिहिते, हे स्टेशनापासून बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आप्पांनीच ते सगळ्यांना सांगितलंय. "आमची पोरगी मोबाइलमधल्या माणसायला बोलायला शिकवती," असं म्हणून ते वर मिशीवरून हात फिरवतात.

दैवशालाचा कान तिखट. शाळेत असताना ती हेडमास्तरांचा खोकला असा काढायची, की अर्धा वर्ग उठून उभा राहायचा. तोच कान आता पुण्याच्या एका कंपनीच्या कामी आलाय. त्यांच्या शेतीच्या गेममधल्या गावकऱ्यांनी कसं बोलायचं, कसं वागायचं, हे ती घरी बसून ठरवते. सरपंच, दूधवाला, भांडखोर शेजारीण असे सगळे झकास उतरले. अडलं ते गिरिजापाशी. खेळणारा गडी गावात नवा येतो आणि शेजारच्या शेतातल्या गिरिजावर त्याचा जीव जडतो. ही कल्पना दैवशालाची स्वतःची, म्हणून जास्तच लाडकी.

तिचे साहेब, सुमित सर, फोनवर म्हणाले, "बेसिकली, दैवशाला, प्रेम खरं वाटत नाहीये. सोमवारपर्यंत जमलं तर ठेवू. नाहीतर, बेसिकली, गिरिजाला काढून टाकू."

तिनं त्या 'बेसिकली'ची नक्कल करून आईला हसवलं खरं, पण ताट अर्धंच सोडलं. फोन घेऊन ती चुलतभावाच्या, राधेश्यामच्या, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. राधूदादाची तिशी उलटलेली आणि लग्न अजून जमायचं होतं. त्यानं खेळायला घेतलं. गिरिजाला बांगड्या दिल्या, गजरा दिला, साडी दिली, लगोलग दुसरी साडी दिली. पडद्यावरचा बदाम भरला आणि गिरिजा म्हणाली, "माझं तुझ्यावर नितांत प्रेम आहे."

राधूदादा फिस्सकन हसला. "ही बातम्या देऊन राह्यली का? आन् इतक्या जल्दी हो म्हणली? मी इतक्या पोरी पाहून आलो, एकीनं वर मान करून पाह्यलं न्हाई!"

"मंग काय करू, दादा?"

"मला काय इचारती? मला जमलं असतं तर इथं काचा बदलत बसलो असतो का?"

ती घरी आली तेव्हा आई, उषाबाई, शेजारच्या मीनाकाकूंच्या डब्यात ठेचा भरत होत्या. सकाळी त्यातून धपाटे आले होते.

"दे की धुऊन तसाच," दैवशाला वैतागून म्हणाली.

"रिकामा डबा देतेत का कुठं? मीना काय म्हणंल?" मग उषाबाई गालात हसल्या. "तुह्या आप्पाच्या घरून बी एकदा डबा आल्ता. लग्नाच्या आधी. मी दिलाच न्हाई परत."

"का गं?"

"दिला असता तर ते मागायला कसे आले असते?"

अंगणातल्या आप्पांना एकाएकी सायकलची चेन पुसायची फार घाई झाली.

दैवशालानं त्याच दिवशी साड्या, बांगड्या, बदाम, सगळं उडवलं. आता गडी शेतातलं काहीबाही डब्यात घालून पाठवतो आणि गिरिजा तो डबा कधी बोरं, कधी हुरडा घालून परत करते. वर टोमणा असतोच: "तुमच्या भेंड्या जून निघाल्या." आणि एक दिवस डबा येतच नाही.

रविवारी राधूदादा खेळत खेळत तिथवर पोचला. थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "दैवशाला, तुहा गेम बिघडला. डबा आला न्हाई."

"बिघडला न्हाई."

"मंग चोरला का तिनं?"

"जाऊन इचार की."

पडद्यावर गिरिजाचं दार दिसत होतं. "असंच कसं जाऊ? काय म्हणू?" राधूदादा म्हणाला. समोर एक बंद पडलेला फोन होता. त्याच्या काळ्या काचेत पाहून त्यानं केस सारखे केले, गळ्याचं बटण लावलं आणि मगच बोट टेकवलं.

गिरिजा दारात आली. "इतके दिवस लागले व्हय डबा आठवायला?"

राधूदादाचे कान लालभडक झाले. दैवशालानं ते सगळं व्हिडिओत टिपलं होतं. एक प्लेट भज्यांवर त्याला राजी करून तिनं ते सुमित सरांना पाठवलं. सरांचा लगेच फोन आला. त्यात एकही 'बेसिकली' नव्हतं. "गिरिजा राहते," ते म्हणाले. "कशालाही हात लावू नकोस."

गेमच्या शेवटी आता नावं येतात. त्यात 'दैवशाला धर्मराज, बदनापूर' असं आहे, आणि 'बदनापूर' तिनं हट्टानं घालून घेतलंय. आप्पा फलाटावर भेटेल त्याला थांबवून ते नाव वर सरकेपर्यंत फोन धरून उभे राहतात. नाव दिसलं की मिशीवरून हात फिरवतात आणि हळूच पुढे सांगतात, "आन् त्याच्यातला डबा हाय न्हाई का, तो आमचाच."