‘लेट हिम गो’चा मी सांगितलेला अर्थ

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. हजेरी, रजा, आणि साहेबांचं इंग्रजी कामगारांना समजावून सांगणं. मूळचा सांगलीकडचा मी, इंग्रजी घेऊन बी.ए. त्याचा तोरा होता — खोटं कशाला बोलू?

लक्ष्मण मासवणचा, बॉयलरवर ठेक्याने लागलेला. फार कमी बोलायचा. तेच मला खुपायचं. मी दुपारी तासभर गुपचूप घरी जाऊन यायचो. एक दिवस साहेबांनी त्यावरून मला झापलं. त्यांना सांगितलं कुणी? गेटजवळ डबा खायला तर लक्ष्मणच बसायचा! पुरावा काहीच नव्हता. पण त्यानंतर तो साधं हसला तरी मला त्यात काहीतरी दिसायचं.

पावसाळ्यात त्यानं भाताच्या आवणीसाठी, म्हणजे लावणीसाठी, आठ दिवस रजा मागितली. साहेब दिल्लीला होते. मी मेसेज टाकला. उत्तर आलं — ‘लेट हिम गो.’

जाऊ दे त्याला. एवढंच. पण कामावरून काढतानाही इंग्रजीत हेच म्हणतात. मी ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मला खरंच शंका होती का? नाही. साहेबांचं म्हणणं पहिल्याच वाचनात कळलं होतं.

लक्ष्मण दारातच उभा होता. मी म्हणालो, “साहेबांनी तुला काढलंय. उद्यापासून येऊ नको.” मोबाइलही पुढे धरला. त्याला इंग्रजी कुठे येत होतं?

“माजं काय चुकलं, भाऊ?”

“मला काय माहीत?”

तो गेला. दहा दिवसांनी साहेबांनी विचारलं, लक्ष्मण अजून आला नाही का? तेव्हा तरी बोलता आलं असतं — नाही का? मी म्हणालो, “त्याला दुसरीकडे काम मिळालं, सर.”

बऱ्याच वर्षांनी, गेल्या महिन्यात तो कुंभवलीच्या नाक्यावर दिसला, रोजंदारीची वाट बघणाऱ्या माणसांत. हाक त्यानंच मारली. माझ्या घरच्यांची चौकशी केली. मग हळूच म्हणाला, “साहेबांनी मला का काढलं, तुमाला कदी कळलं का? मी तर कोनाचं काय बोललो नाय.”

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. याला कळलंय? मुद्दाम विचारतोय? — इतक्या वर्षांनीही मी त्याच्यावरच संशय घेत होतो.

“नाही,” मी म्हणालो, आणि मोटारसायकल सुरू केली.