मागच्या दाराशी ठेवलेले बूट

आत्याचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता, तिथे गिऱ्हाइकांवर कुठून असणार? लोकांनी दिलेले जुने कपडे विकून गरीब आजाऱ्यांना औषधं पुरवणारी एक संस्था होती. तिचं दुकान आत्या सांभाळायची, बिनपगारी आणि एकटीच. जोडीला माणूस द्या म्हणून तिने सचिवांचं डोकं खाल्लं, पण ते आपले "बघू" म्हणायचे. त्यांचं काय जातंय बघायला!

शेवटी तिने स्वतःच एक भाऊ तयार केला. दानात आलेले भलेमोठे पुरुषी बूट तिने मागच्या खोलीच्या दाराशी ठेवले. दुकान आवरताना कुणी रेंगाळलं, की ती आत तोंड करून हाक मारायची, "दादा, झालं का रे?" आत नुसती गाठोडी. पण बूट पाहून माणूस काढता पाय घ्यायचा.

एक उंच गृहस्थ मात्र हल्ली रोज बंद करायच्या वेळीच यायचा. कोट चाचपायचा, घ्यायचा काहीच नाही. आत्याच्या मनात पाल चुकचुकली होती. मग ती तापाने पडली आणि तिच्या धाकट्या जावेने दोन दिवस दुकान पाहिलं.

बरी होऊन आली त्याच संध्याकाळी तो पुन्हा हजर. आत्याने हाक मारली, "दादा, झालं का रे?"

त्याने खाली पाहिलं. आत्यानेही पाहिलं. दादाचे बूट त्याच्या पायात होते.

"परवा तुमच्या जाऊबाईंनी विकले," तो हळूच म्हणाला. "आत कुणीच नव्हतं. एकट्याच असता होय तुम्ही?"

आत्याच्या पायाखालची जमीन सरकली. एरवी तुटकं बटणही न सोडणारी ही बाई, पण शिर सलामत तो पगडी पचास. गल्ला, किल्ल्या तशाच टाकून तिने शेजारचं औषधाचं दुकान गाठलं.

औषधवाल्याला घेऊन परतली, तर दुकानात कुणी नाही. गल्ला जागच्या जागी. आणि मागच्या दाराशी ते बूट, टाचा जुळवून ठेवलेले.

"भला माणूस दिसतोय," औषधवाला म्हणाला. "तुमची काळजी वाटली असेल."

"असेलही. पण तो आत जाऊन आलाय."

कुलूप घालून तिने किल्ल्या औषधवाल्याच्या हातात दिल्या. "सचिवांना द्या. जोडीला माणूस मिळेल तेव्हाच मी येईन. आणि मला घरापर्यंत सोडा."

तो निघाला तशी ती थबकली.

"तुम्ही पुढे चाला," आत्या म्हणाली. "मी मागून येते."