खाली राहिलेले बावीस हात

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेगम बाजारातल्या माझ्या दुकानात धण्याचं पोतं फोडून बघत होतो. त्यांची मुलगी रेखा एवढंच म्हणाली, "काका, आई गेली. झोपेतच." मी त्याच पोत्यावर बसून रडलो. पंधरा मिनिटांत आमच्या गाण्याच्या गटाच्या अध्यक्षाचा शोकसंदेश सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन थडकला. ताई आमचा आधारवड होत्या, पोकळी भरून निघणार नाही, वगैरे... तो वाचून माझं रडणं थांबलं आणि डोकं तापलं. आज पाच आठवडे झाले, ते थंड झालेलं नाही. श्रद्धांजलीत सूड आणू नये म्हणतात. मी आणणार आहे.

ताई नामपल्लीच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सूरपंगत' उभी केली. म्हणजे मोबाइलवरचं एक ॲप. हैदराबादेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कुणाचंही गाणं त्यावर ऐकायची सोय; मग तो दर्ग्यात गाणारा असो की भजनी मंडळातली बाई. जाहिरात नाही, मालक नाही. कुठलं गाणं पहिल्या पानावर लावायचं, कुठला नियम बदलायचा, हे सगळं महिन्यातल्या एका रविवारी कोठीतल्या एका क्लासच्या खोलीत सतरंजीवर बसून ठरायचं. नावाजलेला गवई असो की माझ्यासारखा हौशी तबलजी, प्रत्येकाला एकच मत.

सुरुवातीच्या एका सभेत एका रिक्षावाल्याच्या गाण्यावर मत घ्यायचं होतं. हात वर करण्याआधी सगळे एका बुजुर्ग गवयाकडे बघत होते. त्यांनी नाक मुरडलं आणि सगळ्यांचे हात मांडीवरच राहिले. ताई उखडल्या. "तुमचे कान काय त्यांच्या हाताला बांधलेत? मिटा डोळे सगळ्यांनी. आता करा हात वर." मत परत घेतलं आणि रिक्षावाला पहिल्या पानावर गेला. तेव्हापासून आमचं मतदान डोळे मिटून. मोजायला फक्त अध्यक्षाचे डोळे उघडे. बाकी कुणी उघडले तर त्याचं मत बाद. मी एकदा विचारलं होतं, "ताई, मोजणाराच खोटं बोलला तर?" त्या हसल्या. "हौला आहेस का रे दत्ता? गाण्यातला माणूस मात्रा चुकेल. कैकू चोरेल?" त्यांची चूक झाली ती एवढीच.

अध्यक्ष मूळचा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. गोड बोलणारा. ताईंनीच त्याला पुढे आणलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला ते माहीत आहे, तेवढं पुरे. गेल्या वर्षी त्यानं ठराव आणला : पहिल्या पानावर काय वाजायचं ते यापुढे एक कंपनी ठरवेल आणि गाणी निवडून सभेपुढे ठेवणारी समिती ताईंनी सोडावी. "ताई, प्लॅटफॉर्म वाढवायचा तर निर्णय पटापट व्हायला हवेत," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "मग पटापट ऐका की. नको कोण म्हणतंय?" मग मत घ्यायची वेळ आली. सगळ्यांच्या आधी ताईंनी डोळे मिटले.

मी सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसलो होतो. मी डोळे उघडले. ताईंच्या विरुद्ध कोण कोण जातं ते मला बघायचं होतं, पुढे एकेकाला बघून घ्यायला. माझा स्वभावच तसा आहे. अध्यक्ष सोडून खोलीत आम्ही एकतीस जण होतो. ठरावाच्या बाजूनं वर गेलेले हात होते नऊ. माझं आयुष्य पोती मोजण्यात गेलं आहे, नऊ हात मोजताना मी चुकत नाही. अध्यक्ष म्हणाला, "बाजूने बावीस, विरोधात नऊ. ठराव मंजूर."

मी बोललो नाही. बोललो असतो तर डोळे उघडे होते हे ताईंसमोर कबूल करावं लागलं असतं. त्यांच्या मनातून उतरायची मला भीती वाटली. ताई उठल्या, "बहुमत आहे बाबा" म्हणाल्या आणि कठडा धरून जिना उतरल्या.

त्यानंतर त्या आठ महिने होत्या. मी जायचो तेव्हा एकेकाचं नाव काढायच्या. "ही पण असेल का रे त्या बावीसांत? हिला सा लावायला मी शिकवलं." मी चहाकडे बघत बसायचो. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "तू नव्हतास ना?" मी म्हटलं, "नाही, ताई." "मग तू नऊतला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तेव्हाही मी गप्प राहिलो.

शोकसभेत अध्यक्षानं दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. त्यानंही मिटले नव्हते. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नजर आधी त्यानं खाली घातली. त्याला कळलं आहे... सभा संपल्यावर भजनी मंडळातल्या एक बाई जिन्यात माझ्याजवळ आल्या. "काका, मी हात वर नव्हता केला हो. पण आपली एवढी माणसं ताईंवर उलटली, मग कुठल्या तोंडानं जाणार त्यांच्याकडे? नक्को वाटलं." खाली रस्त्यावर दुसरा भेटला, तोही हेच म्हणाला. मग तिसरा. आपण नऊतले, असं प्रत्येकाला वाटत होतं.

अध्यक्षमहाराज, पुढच्या रविवारी मी येतो आहे. माझं मत खुशाल बाद करा. पण हात खाली ठेवलेल्या बावीसांतल्या उरलेल्या सगळ्यांना मी उभं करणार आहे, भर उजेडात, एकेकाला नावानं हाक मारून. आणि तुम्हाला ते मोठ्यानं मोजायला लावणार आहे. मोजताना तुमचा आवाज कसा निघतो, ते मला ऐकायचं आहे.

परवा रेखानं ताईंची खोली उघडून दाखवली. त्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून ठेवलेली होती. रेखा म्हणाली, "तिनंच फिरवून घेतली होती, काका. सूरपंगतचं कुणी आलं तर लगेच दिसावं म्हणून." बावीसांतले आम्ही दोघं सोडून वीस जण आले असते. मी फक्त एक आकडा सांगायचा होता.