किल्लीवालीला घर पाहिजे

तुमच्या घराचं दार वाऱ्याने धाडकन लागलं, किल्ली आत राहिली, तर तुम्ही धावत कोणाकडे जाता? आणि ज्या माणसाने ते दार उघडून दिलं, त्याला शेजारच्या दोन खोल्या भाड्याने द्याल का? लगेच मान डोलवू नका. तुमच्यासारख्याच सभ्य लोकांनी काय केलं ते आधी ऐका.

शहराच्या जुन्या बाजारात चपलांच्या एका दुकानाच्या जिन्याखाली ती बसायची. एक टेबल, त्यावर किल्ली कापायचं मशीन, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, आणि त्या सगळ्यात कोंबून बसवल्यासारखी बाई. सगळा बाजार तिला किल्लीवाली म्हणायचा. धंदा बापाचा. बापाला मुलगा नव्हता आणि मुलीच्या हातात कानस द्यायची लाजही नव्हती. आयुष्य कुलपांत गेलं, पण स्वतःच्या तोंडाला मात्र तिने कधी कुलूप लावलं नाही. कोणी "किती वेळ लागेल?" म्हणून मागे लागलं, की म्हणायची, "घाई असेल तर दार फोडा. नवं कुलूप मीच बसवून देते."

नवरा टेंपो चालवायचा. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा. त्याच्या वाटचंही तीच बोलायची. घरात सासू होती, ती कोणाच्या वाटचं कोणाला बोलू द्यायची नाही. आणि एक मुलगी होती. शाळेत तिला काय नाव असेल ते असो, घरात ती शिट्टी. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजायची, म्हणून बापाने लाडाने ठेवलेलं नाव. पुढे लाड राहिला बाजूला आणि त्या आवाजाचीच सगळ्यांना धास्ती बसली.

त्यांच्या खोलीच्या मागे लाकडी सामानाला रंग मारायचा कारखाना होता. खिडकी बंद ठेवली तरी वास यायचा, भांड्यांना यायचा, अंथरुणाला यायचा. किल्लीवाली कारखान्याच्या मालकाशी भांडली, पालिकेतल्या साहेबाशी भांडली, साहेब भेटत नाहीत म्हणून शिपायाशी भांडली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही भांडून हिची छाती सुधारणार नाही. छोट्या गावात न्या हिला. मोकळ्या हवेत."

सांगायला काय जातं? गाव म्हणजे काय चप्पल आहे, पायात घालून बघितली आणि घेतली? पण त्यांनी अगदी तेच केलं. सुट्टी आली की टेंपोत मागे एक खुर्ची बांधायची, खुर्चीवर सासू, खाली सतरंजीवर शिट्टी, आणि निघायचं गाव बघायला.

प्रत्येकाची परीक्षा वेगळी. सासू उतरली की पहिल्या नळाचं पाणी तोंडात घ्यायची आणि चूळ भरून निकाल द्यायची. नवरा रस्त्याचे खड्डे बघायचा. शिट्टीला सांगितलेलं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. आणि किल्लीवाली दारं बघायची. नुसती उभी राहून, मान तिरकी करून, एकेका दाराची कुलपं.

पहिलं गाव तिने टेंपोतूनच नापास केलं. प्रत्येक दाराला वर एक, खाली एक, मध्ये एक.

"एवढी कुलपं म्हणजे धंदा चांगला चालेल की," नवरा म्हणाला.

"धंदा चालेल हो. पण ही माणसं एकमेकांनाच घाबरतात. आपल्याला काय घरात घेणार?"

दुसऱ्या गावात सासूने चूळ भरली आणि तोंड असं केलं की कोणी काही विचारलंच नाही.

तिसरं गाव टेकडीच्या पायथ्याशी होतं. रुंद गल्ली, दोन्ही बाजूंना झाडं, बैठी घरं, कोणाच्या दाराला नुसती कडी, कोणाकडे साधं लॅच, वारा आला तर अडकेल एवढंच. किल्लीवाली खूश झाली. "आई, बघा, ह्या लोकांची झोप चांगली असणार." सासूने पाणी गिळलं. चक्क गिळलं, आणि वर अजून थोडं मागितलं. आणि शिट्टी पळत गेली ती गल्लीच्या टोकाला हात लावून परत आली, लालबुंद, हसत, "परत जाऊ?" विचारत. बापाने तिच्या पाठीला कान लावला. छातीत धडधड होती, शिट्टी नव्हती. टेंपोच्या पलीकडे जाऊन उगाच टायर बघत बसला.

गाव ठरलं ते तिथेच.

घरही लगेच मिळालं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका कॅशियरच्या घराला लागून दोन खोल्या, मागे मोरी, वर पत्रे पण नीट ठोकलेले. कॅशियर माणूस गोड बोलणारा. "कुटुंब पाहिजे होतं आम्हाला," म्हणाला, "एकटेदुकटे नकोत." नवऱ्याला सगळं विचारलं, कुठले, काय करता, टेंपो स्वतःचा का. बायको काय करते हे विचारलं नाही. बाईने काय करायचं असतं? बाई असते, एवढं पुरे. ती तेव्हा मागच्या खोलीत खिडकीचा खिट्टा दुरुस्त करत होती. त्या गावात किल्ली बनवून देणारं कोणी नव्हतं, बाजाराच्या तोंडाशी एक कोपरा रिकामा होता, तिने मनातल्या मनात तिथे टेबल मांडूनही टाकलं होतं. शाळेच्या बाईंनी सांगितलं, "जागा आहे, या घेऊन." झालं. शहरातली खोली सोडतो म्हणून सांगितलं आणि एका सकाळी सगळा संसार टेंपोत चढवला.

ते गावात पोचले तेव्हा कॅशियरच्या दारात गर्दी होती.

झालं होतं असं. टेंपो येतोय का बघायला कॅशियरची बायको कौतुकाने बाहेर आली, आणि मागे दार धाडकन लागलं. किल्ल्या आत. गॅसवर दूध, तेही आत. आणि पाळण्यात झोपलेला नातू, तोही आत. खिडक्यांना गज. करपल्याचा वास गल्लीत यायला लागला होता. कॅशियर खांद्याने दार ठोकत होता आणि दार त्याला दाद देत नव्हतं. कोणी म्हणालं सुताराला बोलवा. सुतार बाहेरगावी. बायको भिंतीवर डोकं आपटायची तेवढी बाकी होती.

किल्लीवालीने टेंपो थांबायचीही वाट बघितली नाही. उडी मारली, कॅशियरला कोपराने बाजूला केलं, पिशवीतून पातळ पोलादी पत्ती काढली, फटीत सरकवली, मनगट असं फिरवलं. कट्. दार उघडलं.

आजी आत पळाली. गॅस बंद झाला, पातेलं काळं ठिक्कर, खोलीभर धूर, आणि नातू जो रडायला लागला तो ऐकून गल्लीने श्वास सोडला.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. किल्लीवाले लोक गिऱ्हाईकासमोर कुलूप कधीच पटकन उघडत नाहीत. उघडत असलं तरी नाही. दोनदा हत्यार बदलायचं, एकदा मान हलवायची, "कठीण आहे," म्हणायचं, कपाळ पुसायचं, आणि मग उघडायचं. बापाने तिला कुलपाच्या आधी हे शिकवलं होतं. त्यात लबाडी नाही. लोकांना आपलं दार मजबूत आहे असं वाटत राहावं म्हणून केलेली ती दया असते. पण आत मूल रडत नव्हतं ना अजून, म्हणून ती घाबरली आणि सगळी रीत विसरली.

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण मूल वाचलं होतं, गाव आपलं झालं होतं, तिचं मन भरून आलं होतं. पदराला हात पुसत तिने सगळ्यांकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "अहो, असल्या लॅचला काय वेळ लागतोय! ह्या गल्लीतली सगळी दारं अशीच आहेत. मी बघून ठेवलीत ना."

कोणी हसलं नाही. एकेक जण मागे वळून आपापल्या दाराकडे बघायला लागला.

"तुम्ही काय करता म्हणालात?" कॅशियरने विचारलं. मघाशी ओरडून त्याचा आवाज बसला होता, तोच आवाज आता एकदम गार.

"किल्ल्या बनवते. कुलपं उघडते. आता इथेच बसणार बाजारात."

"हं." त्याने उंबरठ्याकडे बघितलं. "त्याचं काय आहे ताई, ह्या खोल्यांत आमचा भाचा येतोय राहायला."

"कधी ठरलं?"

"असंच. आत्ताच."

"आत्ता तुम्ही दाराला धडका मारत होता. भाचा काय फटीतून बोलला?"

औषधांच्या दुकानाचा मालक मध्ये पडला. "हे बघा, वाद नको. दुपारी आमच्याकडे बायकामुली घरात एकट्या असतात."

"मग मी काय आहे, गवा?" किल्लीवालीचा पारा चढला. "चोरीच करायची असती तर भर दिवसा, सगळ्या गावासमोर, तुमचं पोर वाचवायला केली असती का?"

टेंपोतल्या खुर्चीवरून सासू ओरडली, "अरे, नातू रडतोय ना तुझा? ऐक जरा! ऐकायला मिळतंय ते हिच्यामुळे!"

नातवाला कडेवर घेऊन कॅशियरची बायको पडद्याआड उभी होती. तिने हे ऐकलं. पडदा हलला, एवढंच. मला राग कॅशियरचा आहे, पण त्या पडद्याचा जास्त आहे.

मग सामानाने भरलेला टेंपो गावभर फिरला. पण बातमी त्यांच्या पुढे पळत होती. एका घरी रंगकाम निघालं, एका घरी पाहुणे येणार होते, एका घरी तर आतून बोलणं ऐकू येत असताना दारच उघडलं नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, जागा भरल्या. हार्डवेअरच्या दुकानासमोर माणसं कुलपं घ्यायला उभी होती, आणि टेंपो जवळून गेला तेव्हा सगळ्यांनी हातातली कुलपं अंगाशी धरली. दुधाची भांडी धरावीत तशी.

दुपारी एक हवालदार आला. "गाडीत काय आहे?" गाद्या उतरवल्या, डबे उतरवले, मशीन उतरवलं. किल्ल्यांच्या माळा हातात धरून म्हणतो, "एवढ्या किल्ल्या कशाला?"

"केळीवाल्याकडे केळी कशाला असतात?" सासू म्हणाली.

हवालदाराला हसू आलं, ते त्याने दाबलं. "अंधार पडायच्या आत निघा," एवढंच बोलून गेला.

रस्त्याच्या कडेला गाद्यांच्या ढिगावर शिट्टी बसली होती. सकाळपासून तिने एकदाही दम्याचा पंप घेतला नव्हता. किल्लीवालीने तिच्याकडे बघितलं आणि मग जे केलं, ते तिला ओळखणाऱ्या कोणाला खरं वाटणार नाही. ती परत कॅशियरच्या दारात गेली. चपला काढल्या. हात जोडले. कधी कोणापुढे न वाकलेली बाई, आणि आवाज असा खाली, की नवऱ्याला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय.

"काका, मशीन विकून टाकते. हे काम नाही करणार. घरात बसेन. पोरीला इथे श्वास घेता येतो हो. एवढं बघा."

कॅशियर वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की तुम्ही सुटाल.

"काम सोडाल तुम्ही," तो म्हणाला, "पण येतं ते येतंच ना."

तिने हात सोडले. चपला घातल्या. टेंपोत गाद्या चढवताना नवरा त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, "ह्यांच्यासाठी मशीन विकायचं नाही. कळलं?" तिने मान हलवली. सासूने पदर डोळ्यांना लावला, आणि कोणी बघतंय हे कळताच त्याच पदराने खुर्ची पुसायला लागली.

शहरातली खोली मालकाने अजून दुसऱ्याला दिली नव्हती, हे त्यांचं नशीब म्हणायचं का काय, ते तुम्ही ठरवा. खिडकीमागचा कारखाना जोरात चालू आहे. शिट्टी पुन्हा पंप घेते, जिना चढताना मध्ये बसते. किल्लीवाली जिन्याखाली बसते, आणि सुट्टी आली की टेंपो निघतो. आता ती टेंपोतून उतरली की पहिल्या भेटणाऱ्या माणसाला सांगते, मी कुलपं उघडते. बहुतेक गावं तिथेच संपतात.

तर तुमच्या गावात हवा स्वच्छ असेल, दोन खोल्या रिकाम्या असतील, तर जुन्या बाजारात तिला निरोप पाठवा. पण त्याआधी घरच्यांना, शेजाऱ्यांना, औषधवाल्याला, सगळ्यांना सांगा की ती काय काम करते. सगळे "येऊ दे" म्हणाले तरच बोलवा. तिला सामान घेऊन परत फिरायला लावू नका.