उलार बंडी

लग्नानंतरचे तीन हिवाळे मी गडचिरोलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटीने काढले. आमचे हे जंगल खात्यात रेंजर. दिवाळी झाली की तंबू घेऊन डोंगरात जायचे, कापायच्या झाडांवर खुणा करून घ्यायचे आणि थेट होळीच्या सुमारास परतायचे. मध्ये कधी दोन दिवस घरी आलेच, तर मळके कपडे टाकायचे, धुतलेले उचलायचे आणि निघायचे. चौथ्या वर्षी मी सांगून टाकलं की या वेळी मीही येणार.

हे नाही म्हणाले. का, ते मला ठाऊक होतं. यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी कॅम्पावर वरच्या साहेबांच्या बायकोला हिवताप चढला होता. तिला बैलांच्या बंडीत घालून गावाकडे आणलं, पण दवाखाना गाठेपर्यंत ती राहिली नाही. त्या बंडीमागून हे सगळी वाट चालत आले होते. ही गोष्ट यांनी मला एकदाच सांगितली. पुढे मी डोंगराचं नाव काढलं की हे मच्छरांवर यायचे. त्यांची भीती मला कळत होती. पण मच्छर काय क्वार्टरमध्ये नव्हते? माझ्या मते इथलेच जास्त पोसलेले होते.

आठवडाभर आमची धुसफूस चालली. शेवटी वैतागून हे म्हणाले, "खात्याच्या दोनच बंड्या मिळतात. तंबू, हत्यारं, महिन्याचा शिधा, सगळं त्यांत गेलं पाहिजे. दोन बंड्यांत बसलं तर चल. तिसरी मी मागणार नाही."

यांचा हिशोब मला दिसत होता. बाईमाणूस आहे, पाटावरवंटा आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन निघेल आणि आपसूक अडेल. मी त्याच संध्याकाळी पाठकोरा कागद घेऊन यादीला बसले.

पहिला तंबू. आदल्या सालचा तंबू पडवीत गुंडाळून पडला होता. अंगणात उलगडला तर उंदरांनी त्यात तीन ठिकाणी संसार थाटलेला. बाजारातल्या टेलरचाचांना बोलावलं. त्यांनी दुहेरी दोऱ्याने ठिगळं लावली आणि शिवण संपल्यावर माझ्या हातात मेणाचा गोळा ठेवला. म्हणाले, "घिसो बेटी. सुई का छेद भी पानी के लिए दरवाजा है." मी दोन दिवस मेण घासलं. बोटं दुखली, पण रागावलेल्या माणसाला असं काम बरं असतं.

मग मी बंडीवाल्याच्या घरी जाऊन दोरीने बंडीची लांबीरुंदी मोजून आणली. बंडीवाला म्हातारा, कमी बोलणारा. मी दोरी धरून बंडीभोवती फिरत होते तेव्हा तो बिडी ओढत नुसता बघत होता. "बाई, काऊन मोजून राह्यल्या?" त्याने विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. दोन बंड्यांची अट, तीन हिवाळे, सगळंच. बोलायला बरेच दिवस कुणी मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "असं हाये काय," आणि बिडी विझवली.

अंगणात चुन्याने दोन बंड्यांची मापं आखली आणि रोज दुपारी त्यांत सामान रचायला लागले. बसलं नाही की काढायचं, पुन्हा रचायचं. पाटावरवंटा घरीच राहिला, म्हणून चटण्या आधीच कुटून कोरड्या केल्या. तांदळाचं एक पोतं, लाखोळीची डाळ, तिखट, मीठ, रॉकेलचा डबा. पातेल्यात पातेलं, त्यात तांब्या, तांब्यात हळदीची पुडी. माझी ट्रंक गेली, तिच्याऐवजी चार लुगड्यांचं बोचकं आलं. आरसा गेला. शेजारणी कुंपणाशी येऊन हसायच्या. "काय हो, अंगणातच कॅम्प टाकला का?" मी पातेली रचत राहायची.

तरी शेवटी हातभर जागा कमीच पडली. तेव्हा मी माझी मच्छरदाणी यादीतून खोडली. यांची ठेवली. आपण काय, डोक्यावरून पदर ओढून झोपू, असा माझा शहाणपणा. मच्छरांपायीच तर सगळं भांडण होतं, पण हट्टाला पेटलेल्या बाईला एवढं कुठून सुचणार!

निघायच्या दिवशी उजाडताच बंड्या दारात लागल्या. यांच्या हाताखालचा जंगलाचा नाकेदार आणि दोन मजूर सामान चढवायला लागले. मी कागद हातात धरून ओट्यावर उभी. पहिली बंडी भरली. दुसरीही भरली. दोरखंड आवळले. एक चमचासुद्धा खाली उरला नाही. मी यांच्याकडे असं बघितलं, की लढाई जिंकूनही कुणी तसं बघत नसेल.

हे बंड्यांभोवती एक फेरी मारून आले. शांतपणे म्हणाले, "बसलं सगळं. आता तू कुठे बसणार?"

मी कागदावर बघितलं. तंबू होता, मेखा होत्या, हळद होती. मी नव्हते. तीन आठवडे मी चमच्यांना जागा शोधत होते आणि स्वतःला मोजायचंच विसरले होते. पंधरा कोसांची वाट आणि वर घाट, मी ती चालेन असं म्हणायचीही सोय नव्हती. नाकेदार दुसरीकडे बघायला लागला. मला रडू फुटलं आणि रडू फुटल्याचा संतापही आला. मी यांना म्हटलं, "तुम्हाला हेच हवं होतं." हे आपल्या सायकलच्या मागे बांधलेला बिछाना उगाचच चाचपत राहिले.

या सगळ्यात बंडीवाला दुसऱ्या बंडीच्या मागे काहीतरी सोडत-बांधत होता. मध्येच त्याने विचारलं, "बाई, तांदळाचं पोतं मागं घेऊ काय?" मी म्हटलं, "न्या कुठेही." मला तेव्हा तांदळाशी काय देणंघेणं होतं!

थोड्या वेळाने त्याने बैल जुंपायला जू उचललं, हातात तोललं आणि मान हलवली. "साहेब, बंडी उलार झाली. मागं वजन जास्त हाये. घाटात जू वर उचलन अन् बैलाचा गळा आवळन. पुढं धुरीवर माणूस पाहिजे."

"मी बसतो," हे म्हणाले.

"तुमी कसे बसता? तुमची सायकल हाये. अन् तुमचं वजन जास्त होते. बाईएवढंच पाहिजे."

हे पुढे झाले. जू स्वतःच्या हाताने उचलून पाहिलं. मागे गेले, पोत्याकडे बघितलं. परत आले, माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाले, "बस मग. घट्ट धरून बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी घाट चढून वर आलो. बैल सोडले. हे आणि नाकेदार तंबूची जागा बघायला पुढे गेले होते. मी जमिनीवर पाय ठेवले, ते लाकूड झाले होते, पण मी फार खुशीत होते. बंडीवाल्याला म्हटलं, "भाऊ, बंडी उलार झाली म्हणून माझं नशीब."

"झाली नाई बाई, केली," तो म्हणाला. "पोतं म्याच मागं नेलं. पुढं सरकवलं असतं त कोणाचीच गरज नोती."

मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. "यांना कळलं तर?"

तो वैरण सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "साहेब कास्तकाराचं पोरगं हाये बाई. चिमूरकडं बापाच्या बंड्या हाकून मोठं झालेलं. त्यायले काऊन नाई कळणार?"

सायकल जवळच झाडाला टेकवलेली होती. मी जाऊन यांचा बिछाना सोडला. सतरंजी, घोंगडी आणि घोंगडीच्या आत घडी करून माझी मच्छरदाणी. मी खोडलेली. हा बिछाना बंड्या दारात यायच्या आधीच बांधून झाला होता, ते मी स्वतः पाहिलं होतं.

हे परत आले तेव्हा मी मच्छरदाणी मांडीवर घेऊन बसले होते. मी भांडायच्या तयारीत होते. "न्यायचंच होतं, तर मला सगळ्यांसमोर रडवलंत कशाला?"

हे माझ्याशेजारी खाली बसले. "न्यायचं ठरलं नव्हतं," म्हणाले. "रोज वाटायचं, हिचं सामान न बसो. आणि रोज संध्याकाळी घरी आलो की आधी चुन्याच्या रेघांत बघायचो, किती बसलं ते."

मग उठले आणि तंबूच्याही आधी माझ्या मच्छरदाणीसाठी चार काठ्या तोडायला गेले.