मेस टिनमधले थेंब

पन्नास सालानंतरची गोष्ट. काश्मीरमध्ये युद्धबंदी रेषेवरच्या एका पोस्टवर आमचा सेक्शन होता. मी नाईक, सेक्शन कमांडर. हाताखाली लान्स नाईक सोनबा, माझ्याच निघोज्याचा. आमची शेतं एका बांधाला लागून. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज उभं राहणं, मग रायफलींची सफाई, मग चहा. बर्फ वितळू लागला होता आणि बंकरचं छत गळत होतं. गळतीखाली आम्ही एक मेस टिन, जेवणाचा पत्र्याचा डबा, ठेवला होता.

त्या दिवशी झऱ्यावरून पाणी आणायची पाळी माझी होती. सोनबानं जेरीकॅन उचलला.

"बसा, नाईकसाहेब. मागच्या बारीला निम्मं सांडून आलास. घोटभर पान्यात च्या करायचा का आंघोळ?"

झऱ्याच्या अलीकडेच त्याला गोळी लागली. पलीकडची मशीनगन थोडा वेळ चालली आणि थांबली. फील्ड टेलिफोन वाजला. सुभेदारसाहेब होते.

"फायर रुका?"

"नहीं साहब. चालू है."

"आदमी को ला सकते हो?"

"नहीं साहब."

दुपारी धुकं उतरल्यावर आम्ही त्याला आणलं. तोवर तो गेला होता. रिपोर्टमध्ये 'सततचा फायर' असं लिहिलं गेलं.

सुट्टीवर आलो तेव्हा सोनबाचे वडील, तुकाआबा, कांद्याला पाणी देत होते.

"दगडू, हाक मारली व्हती का रं त्यानं?"

"फायरिंग लई व्हतं, आबा. काय ऐकू आलं न्हाई."

"मग बरं. ऐकलं असतंस तर तू गेलाच असतास."

त्यांनी पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं.

पुढं हीच हकीकत मी गावात सांगत आलो, पंधरा ऑगस्टला शाळेतही. सांगून सांगून तो फायर मला खरोखर ऐकू येऊ लागला. आजही डोळे मिटले की येतो. पण त्याच आठवणीत छताचं पाणी मेस टिनमध्ये पडतं. टप. टप. मशीनगन चालू असताना तो आवाज कुणाला ऐकू येत नाही. म्हणजे तेव्हा सगळं शांत होतं. आणि दोन थेंबांच्या मधे सोनबाचा आवाज होता.

आबा जाऊन फार वर्षं झाली. त्यांचं शेत कंपनीच्या भिंतीआड गेलं. ज्यांना हे सांगायला हवं होतं, त्यांच्यापर्यंत हे लिहिणं पोचणार नाही.

लान्स नाईक सोनबा, निघोजे. फायर थांबल्यावरही तो बराच वेळ जिवंत होता. "दगडू, हाय का रं?" असं विचारत होता.

मी होतो.