आवाज येता नये

परबमामांनी कोणाच्या हातून काही घेतलं आणि ते आधी कानाशी नेऊन हलवलं नाही, असं मी तरी कधी पाहिलं नाही. जेवणाचा डबा असो, काड्यापेटी असो, की माझ्या साखरपुड्याच्या पेढ्यांचा पुडा असो. पुडा कानाशी धरला, दोनदा हलवला, भुवया चढवल्या आणि म्हणाले, "मोकळी जागा हा गो आत. दुकानदारान चार पेढे कमी घातल्यान." अभिनंदन त्यानंतर केलं, तेही घाईत.

परबमामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पितळी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते पॅकिंग करायचे आणि मी तिथेच डिस्पॅचला टायपिस्ट होते. त्याआधी वीस वर्षं त्यांनी गिरणीत कापडाच्या गाठी बांधल्या होत्या. संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही, तेव्हा ते आमच्या शेठकडे आले. "काय येतं?" शेठने विचारलं. "बांधूक येता," एवढंच बोलले. शेठला आधी वाटलं, माणूस गवंडी आहे.

त्यांचं पॅकिंगचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "पेटी हलयली तर आवाज येता नये." आवाज आला म्हणजे आत मोकळी जागा आहे, मोकळी जागा आहे म्हणजे माल आपटणार. तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह कागदात, मग पेंढ्यात, मग लाकडी पेटीत, पेटीवर गोणपाट, आणि गोणपाटाला दाभणाने अशी शिवण घालायचे की एखाद्या डॉक्टरने पोटावर घातली असती तर पेशंटने आभार मानले असते. वर सुतळीची त्यांची स्वतःची एक गाठ. आत एक छापील चिठ्ठी जायची. माल, नग, तपासणी, बांधणाऱ्याचे नाव. शेवटच्या रकान्यात ते 'गो. परब' अशी सही करत. शेठसुद्धा चेकवर एवढ्या तब्येतीने सही करत नसेल.

तर अशा माणसाचा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला गेला. विलास त्याचं नाव. मुंबईत जागा मिळाली नाही, तिकडे मिळाली. बाकीच्या आईबापांची मुलं होस्टेलवर जातात तेव्हा ते त्यांना ओळखीच्या माणसाबरोबर पिशवीतून चिवडा धाडतात. परबमामांनी बेसनाचे चाळीस लाडू व्हॉल्व्हच्या पेटीत बांधले. कारखान्यात नापास झालेल्या पेट्या शेठने त्यांना वापरायला दिल्या होत्या आणि विदर्भात जाणाऱ्या आमच्या मालाच्या ट्रकमधून ती पेटी जायची. प्रत्येक लाडू कागदात, मग पेंढ्यात, मग लाकूड, मग गोणपाट. आत चिठ्ठी: 'माल: बेसन लाडू. नग: ४०. तपासणी: झाली. बांधणाऱ्याचे नाव: गो. परब.'

"मामा, लाडू आहेत ते, लष्कराचा दारूगोळा नाही," मी म्हणायचे.

"माल तो माल," ते म्हणायचे आणि सुतळी दातात धरायचे, म्हणजे संभाषण संपलं.

लाडू खायला होस्टेलच्या मुलांना वर्कशॉपमधून पटाशी आणि हातोडा आणावा लागे, असं ऐकलं. इंजिनिअरिंगची मुलं म्हणून निभावलं. आर्ट्सची असती तर पेटीसमोर बसून उपाशी मेली असती. मामी, म्हणजे त्यांची बायको, एकदा कारखान्यात आली होती. ती मला म्हणाली, "लाडू मी करतंय, पण हात लावूक देणत नाय. वळूचे मी आणि बांधूचे ह्येनी."

दर पेटीमागून मामा एक पोस्टकार्ड टाकत. प्रकृतीची चौकशी नाही, अभ्यास कर म्हणून उपदेश नाही. एकच प्रश्न असायचा, 'लाडू फुटले काय?' आणि विलासचं उत्तर दर वेळी तेच. 'पार्सल मिळाले. पुन्हा पाठवू नका. मुलं हसतात.' लाडवांचं काय झालं याबद्दल दोन वर्षांत एक अक्षर नाही. मामा ते कार्ड मला वाचायला द्यायचे. त्यांना स्वतःला वाचता येत होतं. मला वाटतं, मी वाचल्यावर त्यात एखादी ओळ वाढेल अशी त्यांना आशा होती. मी कार्ड परत देताना म्हणायचे, "मुलगा अगदी तुमच्यावर गेलाय. एका शब्दाचीसुद्धा मोकळी जागा नाही." माझ्या विनोदांवर मी त्या काळात फार खूश असायचे.

मग ती दिवाळीच्या आधीची दुपार आली. डिस्पॅचच्या टेबलावर दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या, एकाच मापाच्या, एकाच गोणपाटातल्या. एकीत अकोल्याच्या तेलगिरणीचे बारा व्हॉल्व्ह, दुसरीत विलासचे चाळीस लाडू. ट्रक खाली उभा होता. एरवी मामा लेबलं स्वतः बांधायचे, पण तेवढ्यात त्यांना शेठने वर बोलावलं. जाता जाता टेबलापलीकडून मला म्हणाले, "डावी माझी, उजवी अकोल्याची. लेबलां बांध. मी आत्ता येतंय."

मी टेबलाच्या अलीकडे होते. त्यांच्यासमोर.

त्यांची डावी ती माझी उजवी, हे समजायला इंजिनिअरिंग लागत नाही. चौथीतल्या मुलाला कळतं. मी मॅट्रिक पास, टायपिंगच्या दोन परीक्षा पास. मी माझ्या डाव्या पेटीला अमरावतीचं लेबल बांधलं, उजव्या पेटीला अकोल्याचं, आणि पेट्या ट्रकमध्ये गेल्या. एकदा उचलून पाहिल्या असत्या तरी वजनावरून कळलं असतं. पण टायपिस्टने पेट्या उचलायच्या नसतात, असा माझा तेव्हा बाणा होता.

पाचव्या दिवशी अकोल्याहून ट्रंककॉल आला. शेठचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. फोन ठेवून तो जिन्यावरूनच ओरडला, "परब! ये मिठाई की दुकान है क्या? उनका मिल बंद पडा है और तुम उनको लड्डू भेजता है?"

सगळे हसले. मीही हसले. हसताना मला ते टेबल आठवलं, मामा पलीकडे, मी अलीकडे, आणि हसू जागच्या जागी थांबलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, पेटी माझी. चूक माझीच."

"तो कल से मत आना."

विलासचं तिसरं वर्ष चालू होतं. मामांची नोकरी गेली म्हणजे त्याचं कॉलेज गेलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला सगळ्यांत जास्त. मामांनी दाभण आपल्या डब्यात ठेवलं, डबा कानाशी हलवला आणि ते निघून गेले. मी टाइपरायटरसमोर बसले होते आणि कागद सरळ करत होते.

इथे मी उठून सांगितलं असतं की चूक माझी होती, तर हे लिहायला मला बरं वाटलं असतं. मी अजून टेम्पररी होते, कायम व्हायला दोन महिने होते, घरी लग्नाची तयारी चालली होती. अशी कारणं मी चार दिवस मोजत होते. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज दुपारी ठरवायचे, उद्या सकाळी सांगू, सकाळी शेठचा मूड बरा असतो. दुसऱ्यांवर जीभ चालवण्यात माझा हात कोणी धरला नसता. स्वतःवर वेळ आली तेव्हा ती टाळ्याला चिकटली.

पाचव्या दिवशी अकोल्याच्या तेलगिरणीचं पत्र आलं. डाक मीच फोडायची, म्हणून मीच आधी वाचलं. त्यांच्या मॅनेजरचा स्वभाव आमच्या शेठसारखा नव्हता.

'आपली पेटी मिळाली. चिठ्ठीप्रमाणे माल मोजून घेतला. बेसन लाडू, नग चाळीस. एकही फुटलेला नाही. तक्रार एवढीच की ते पाइपात बसत नाहीत. सबब ते आम्ही दुसऱ्या मार्गाने वापरात आणले आहेत. मागे, गो. परब यांची चिठ्ठी येऊ लागण्याआधी, आपले व्हॉल्व्ह दोनदा चेंबून आले होते, तो जुना बांधणारा कोण होता माहीत नाही. यापुढे आमचा माल गो. परब यांनीच बांधावा, नाही तर ऑर्डर दुसरीकडे देऊ.'

मी पत्र शेठपुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं. ऑर्डर दुसरीकडे जाणार म्हटल्यावर आमच्या शेठला माणसातला चांगुलपणा फार लवकर दिसायचा. "परब को बुलाव," तो म्हणाला. "घर मालूम है ना? तुम जाव."

मरोळ गावठाणातल्या दोन खोल्यांत मामा जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होते. रद्दीवाल्याला द्यायचे गठ्ठे. काटकोनात, चारी बाजूंनी सुतळी, वर पेट्यांवरची तीच गाठ. मामी चहा ठेवायला आत गेली. मी पत्र पुढे केलं आणि ते वाचायच्या आत म्हणाले, "मामा, लेबलं मी उलटी बांधली. तुमची डावी मी माझी डावी धरली."

"म्हायत हा माका," ते म्हणाले.

"माहीत होतं? मग शेठला सांगितलं का नाहीत?"

"तू समोर उबी होतंस, ह्या माझ्या ध्यानात येवक व्हया होता." त्यांनी गठ्ठा कानाशी धरायला उचलला आणि रद्दी आहे हे लक्षात येऊन खाली ठेवला. "आणि माझी पेटी थंय नसतीच, तर चूक झाली असती काय? कारखान्याच्या टेबलार घरचे लाडू मी ठेवलंय."

मला रडू आलं. मी तसं रडत नाही. ते मात्र पत्रावर वाकले होते. त्यांचं बोट एका ओळीखाली थांबलं होतं. 'एकही फुटलेला नाही.' ती त्यांनी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली, मग मामीला हाक मारून वाचली. दोन वर्षं पोस्टकार्डं घालून जे मुलाकडून कळलं नाही, ते अकोल्याच्या कोण्या मॅनेजरने न विचारता कळवलं होतं.

"नोकरी परत मिळाली, ते वाचलंत का?" मी विचारलं.

"ता मगे वाचतंय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. अकोल्याला नवे व्हॉल्व्ह रवाना झाले. आठवड्याभरात अमरावतीहून आमच्या नावाने एक पेटी आली. विलासने ते चुकून आलेले बारा व्हॉल्व्ह परत पाठवले होते. मी मनात म्हटलं, आता मजा आहे, होस्टेलच्या पोराने बांधलेली पेटी आणि ती तपासायला परबमामा.

मामांनी पेटी टेबलावर घेतली आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिली. लाकडाच्या फळ्या आमच्याच होत्या, जुन्या पेट्यांच्या. गोणपाटही आमचंच, आतली बाजू बाहेर करून वापरलेलं. कोपऱ्यात उलटा दिसणारा आमच्या कारखान्याचा शिक्का होता. प्रत्येक पार्सलचं गोणपाट, फळ्या, सुतळी त्या पोराने जपून ठेवलं होतं. शिवण जरा वाकडी होती. गाठ मात्र तीच. ती गाठ मामांनी कोणाला शिकवल्याचं मी ऐकलं नव्हतं. सोडता सोडताच तो शिकला असणार.

गोणपाटाच्या घडीत एक चिठ्ठी खोचलेली होती. मामांनी नेहमीप्रमाणे ती माझ्याकडे दिली. मी मोठ्याने वाचली.

'व्हॉल्व्ह मिळाले. एकही फुटला नाही. लाडू कुठे आहेत? मुलं विचारतायत.'

मामांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली. बारा पितळी व्हॉल्व्हची पेटी, पण ती त्यांनी कानाशी नेली आणि हलवली. एकदा. मग दुसऱ्या कानाशी.

"आवाज नाय," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज तेवढा हलला.

"उघडू या?" मी विचारलं.

"कशाक? उघडूक नको. व्हॉल्व्ह तपासलेले असत. पुढच्या ऑर्डरीक हीच पेटी जाव दे." त्यांनी वाकड्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "नवी चिठ्ठी कर. बाहेरसून लावया."

मी कागद चढवला. माल, पितळी व्हॉल्व्ह. नग, बारा. तपासणी, झाली. शेवटच्या रकान्यापाशी मी न विचारताच 'गो' टाइप केलं, तर मामांनी माझ्या खांद्यावरून वाकून बोट ठेवलं.

"ता खोड," ते म्हणाले. "वि. गो. परब लिही. इंजिनियर होतलो तेवा होतलो. बांधूक येता त्याका."

मी खोडलं आणि लिहिलं. मामा टेबलापलीकडे पेटीपाशी परत गेले. मग लेबल घेतलं आणि ते बांधायला टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.